भंगारातल्या मीटरचा काटा गाण्यावर नाचवायचा तर

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली, की गंजलेले पाने आणि बंद पडलेले चार्जर यांच्या मधोमध काळ्या चौकटीचे चौकोनी मीटर पडलेले दिसतात. काचेमागे पिवळसर पट्टी, तिच्यावर बारीक रेघा आणि डावीकडे झोपलेला काटा. कुठल्यातरी कारखान्याचं पॅनेल मोडलं, तांबं आणि लोखंड वजनावर गेलं, मीटर तेवढे उरले. विचारलंत तर विकणारा एकच वाक्य बोलतो, "चालू आहे साहेब." तो खोटं बोलत नसतो, त्याला ठाऊकच नसतं.

असा मीटर घरी आणून स्वतः बांधलेल्या अँप्लिफायरवर बसवायचा आणि गाण्याबरोबर त्याचा काटा हलवायचा, हे काम अवघड नाही. सोल्डरिंग जमत असेल, मल्टिमीटर असेल आणि ओहमचा नियम आठवत असेल तर एका सुट्टीत होतं. नवखे मात्र एका ठिकाणी हटकून अडकतात. पट्टीवर काय छापलंय ते वाचून ते सर्किट शोधायला लागतात. पट्टीवर '० ते ३०० व्होल्ट' असेल, '० ते १५०० आरपीएम' असेल, नाहीतर आणखी काही. ते सगळं विसरायचं. आतला काटा शेवटच्या रेघेपर्यंत न्यायला किती मायक्रोअँप लागतात, हा एकच आकडा आपल्या कामाचा. तो हाती येईपर्यंत सर्किटचा विचारही करू नका.

बाजारात काय उचलायचं

पॅनेलवरचे काट्याचे मीटर मुख्यतः दोन जातींचे असतात. एक मूव्हिंग कॉइल. त्यात कायमच्या चुंबकाच्या फटीत बारीक तारेचं हलकं वेटोळं टांगलेलं असतं. करंट गेला की वेटोळं वळतं आणि सोबत काटा. करंट दुप्पट झाला की काटाही दुप्पट सरकतो, म्हणून पट्टीवरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. दुसरी जात मूव्हिंग आयर्न. तिच्यात स्थिर कॉइलच्या आत लोखंडाचे दोन तुकडे असतात. करंट गेला की दोन्ही एकाच प्रकारे चुंबकीय होऊन एकमेकांना ढकलतात. हे ढकलणं करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे पट्टीच्या सुरुवातीच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि पुढच्या ऐसपैस दिसतात. हा मीटर ५० हर्ट्झच्या मेन्ससाठी बनवलेला. त्याला ताकद फार लागते, आणि वारंवारता वाढली की कॉइलचा अडथळाही वाढत जातो. गाण्यासाठी तो कुचकामी.

वाईट बातमी अशी, की भंगारात सर्वांत जास्त दिसणारे एसी अँमीटर, म्हणजे '१००/५' असं छापलेले, बहुतेक याच दुसऱ्या जातीचे असतात. तेव्हा उचलण्याआधी रेघा बघा. सुरुवातीला गर्दी असेल तर खाली ठेवा.

पट्टीच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक चिन्हंही वाचायला शिका. घोड्याच्या नालेसारखा चुंबक आणि त्याच्या पोटात छोटा आयत असेल तर मूव्हिंग कॉइल. त्याच्या शेजारी डायोडचा बाण असेल तर मूव्हिंग कॉइलला आत रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, जोडलेला आहे. असा एसी व्होल्टमीटर मिळाला तर सोडू नका, कारण अर्धं काम त्याच्या आत झालेलंच असतं. वेटोळ्यातून गेलेली उभी दांडी म्हणजे मूव्हिंग आयर्न. आडवी सरळ रेघ डीसीसाठी, नागमोडी रेघ एसीसाठी. चांदणीतला २ हा आकडा म्हणजे बॉडीचं इन्सुलेशन दोन हजार व्होल्टला तपासलेलं आहे. १.५ किंवा २.५ म्हणजे फुल स्केलच्या तेवढे टक्के चूक चालेल. उलट्या टी-सारखं चिन्ह असेल तर मीटर उभ्या पॅनेलवर बसवायचा, आडव्या पाटासारखं असेल तर टेबलावर झोपवून वापरायचा.

आता माल कुठला चांगला. डीसी मोटरच्या ड्राइव्ह पॅनेलवरचे आरपीएम मीटर नावाला आरपीएम असतात, आत साधा डीसी मूव्हिंग कॉइल व्होल्टमीटर असतो. मुलामा देण्याच्या कारखान्यांतले डीसी व्होल्टमीटरही तसेच. बंद पडलेला काट्याचा मल्टिमीटर तर सोन्याचा. त्यावर '२०,००० ओहम प्रति व्होल्ट' लिहिलेलं असेल तर आतला काटा ५० मायक्रोअँपवर पूर्ण जातो. एकला २०,००० ने भागा, उत्तर अँपिअरमध्ये मिळतं. याच हिशेबाने १००० ओहम प्रति व्होल्ट म्हणजे १ मिलिअँप. शाळेच्या प्रयोगशाळेतून निघालेला ३०-०-३० गॅल्व्हॅनोमीटर दिसायला देखणा, पण त्याचं शून्य मध्यभागी. आवाजाची पातळी दाखवायला निम्मी पट्टी वाया जाते. डाव्या-उजव्या चॅनेलचा तोल दाखवायला मात्र तो छान.

'४ ते २० मिलिअँप' असं कुठे छापलेलं दिसलं तर नवख्यांनी ते टाळावं. काटा हलवायलाच वीस मिलिअँप लागतात आणि साधा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी) तिथे दमतो. मोटारीच्या बॅटरी चार्जरवरचे स्वस्त, मध्ये शून्य असलेले अँमीटरही नकोत.

स्टिरिओसाठी दोन मीटर लागतात, आणि ते एकाच बनावटीचे आणि शक्य तर एकाच पॅनेलमधून निघालेले असावेत. दोन वेगळ्या मीटरचे काटे एकाच गाण्यावर वेगळ्या लयीत हलतात, ते डोळ्यांना फार खुपतं. जोडी जमत नसेल तर एकच मीटर घ्या आणि दोन्ही चॅनेल मिळून त्याला द्या.

एक इशारा गंभीरपणे घ्या. लष्करी किंवा विमानातून निघालेले फार जुने मीटर मिळाले आणि त्यांच्या आकड्यांवर किंवा काट्यावर जाड, तपकिरी पडलेला रंग दिसला, तर ते उघडू नका. अंधारात चमकण्यासाठी त्या काळी रेडियमचा रंग लावत. चमक केव्हाच विझलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. त्या रंगाची धूळ श्वासात जाता कामा नये.

घरी आणल्यावर

बाजारातून आणताना मीटरची दोन टर्मिनलं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडून ठेवा. वेटोळं हललं की त्यातच करंट तयार होतो आणि तोच त्याला आवरतो. हातात मीटर हलवून बघा, मग तार जोडून पुन्हा हलवा. फरक लगेच दिसेल. बाजारातली सगळ्यात सोपी परीक्षाही हीच आहे. तार जोडल्यावर काटा मंद झाला तर वेटोळं तुटलेलं नाही. मात्र ज्याच्या आत मोठा रेझिस्टर किंवा रेक्टिफायर आहे, त्याच्यावर ही युक्ती चालत नाही. तिथे फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. पहिला ५० मायक्रोअँपचा मीटर मिळाला तेव्हा आनंदात मी त्याचा रेझिस्टन्स काट्याच्या जुन्या मल्टिमीटरने मोजायला गेलो. त्या मल्टिमीटरच्या सर्वांत खालच्या ओहम रेंजमधून कित्येक मिलिअँप बाहेर येतात. काटा फाटकन उजवीकडे आपटला आणि शेंड्याला वाकला. चिमट्याने सरळ केला, पण अजूनही तो थोडा पोपटाच्या चोचीसारखा आहे. अनोळखी मीटरला ओहमची रेंज कधीही लावायची नाही.

मोजायचं असं. एक दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, १ किलोओहमचा रेझिस्टर, १ मेगाओहमचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), डिजिटल मल्टिमीटर २ मिलिअँप डीसीच्या रेंजवर, आणि आपला मीटर, हे सगळं एकामागे एक सिरीजमध्ये जोडा. पॉट आधी पूर्ण रेझिस्टन्सवर ठेवा. त्या वेळी दीडच मायक्रोअँप वाहतो, कशालाच धोका नाही. मग पॉट सावकाश फिरवत काटा बरोबर शेवटच्या रेघेवर आणा. मल्टिमीटर दाखवतो तो तुमचा फुल स्केल करंट. पॉट शेवटाजवळ फार चटकन सरकत असेल तर १ मेगाच्या जागी १०० किलो, मग १० किलोचा लावा. काटा उलटा गेला तर वायर बदला.

पॉट शून्यावर आणूनही काटा जेमतेम हलला तर आत काहीतरी आडवं येतंय. मीटर उघडा. अँमीटर असेल तर दोन टर्मिनलांमध्ये पितळी किंवा चंदेरी जाड पट्टी दिसेल, तो शंट. बहुतेक सगळा करंट त्यातूनच जातो. तो काढून टाका. व्होल्टमीटर असेल तर वेटोळ्याच्या वाटेत मोठा रेझिस्टर असेल, कधी एक, कधी तीन-चार साखळीने. तोही काढा आणि तिथे वायर जोडा. केसासारख्या स्प्रिंगांजवळ तांब्याच्या तारेची छोटी रीळ दिसली तर ती मात्र राहू द्या.

उघडण्याचं काम वर्तमानपत्रावर नको, धुतलेल्या पांढऱ्या कापडावर करा. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण गेला की काटा मध्येच अडकतो, आणि भंगाराच्या पिशवीत लोखंडाच्या कणांना तोटा नसतो. फुंकर मारू नका, कण आणखी आत जातो. चिकटपट्टीची बारीक सुरळी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, तिने कण टिपून घ्या.

काटा पूर्ण जागी आला की आणखी एक मोजमाप घ्या. मल्टिमीटर करंटच्या जागेवरून काढा, तिथे तार जोडा, पॉट फिरवून काटा पुन्हा शेवटच्या रेघेवर आणा आणि मीटरच्या टर्मिनलांवरचे मिलिव्होल्ट मोजा. समजा फुल स्केल ५०० मायक्रोअँप आणि टर्मिनलांवर ३२५ मिलिव्होल्ट. भागाकार केला की वेटोळ्याचा रेझिस्टन्स ६५० ओहम. बारावीच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हॅनोमीटरचा रेझिस्टन्स काढायला केवढी धडपड होती, आणि इथे एका भागाकारात काम होतं. दोन्ही आकडे कागदावर लिहून तो कागद मीटरच्या पाठीला चिकटवा. पुढचा सगळा हिशेब मी याच ५०० मायक्रोअँप आणि ६५० ओहमच्या मीटरसाठी मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत तीच.

स्पीकरच्या तारांवरून

सोपा मार्ग आधी. यात वेगळा वीजपुरवठा लागत नाही. मीटर स्पीकरच्या टर्मिनलांवरूनच आपलं पोट भरतो.

गाण्याचा सिग्नल एसी. मूव्हिंग कॉइल मीटरला एसी दिला तर काटा पुढे जाऊ की मागे या गोंधळात जागेवर थरथरतो. म्हणून आधी डायोड. स्पीकरच्या प्लस टर्मिनलपासून १०० ओहमचा रेझिस्टर, पुढे १एन४१४८ डायोड, डायोडच्या काळ्या रेघेच्या टोकापासून स्पीकरच्या मायनसपर्यंत १० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कपॅसिटर. त्या कपॅसिटरच्या प्लसपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, मग २२ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट), मग मीटर, आणि मीटरचा मायनस स्पीकरच्या मायनसला. झालं. दुसऱ्या चॅनेलसाठी हुबेहूब असंच.

आता नवख्यांची दुसरी निराशा. अँप्लिफायर ५० वॅटचा म्हणून मीटरही ५० वॅटला पूर्ण जाईल असा लावतात, आणि घरी गाणं लावल्यावर काटा झोपलेलाच. कारण ८ ओहमच्या स्पीकरवर ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट आरएमएस (मल्टिमीटर एसीवर दाखवतो तो आकडा), शिखर २८ व्होल्ट. दिवाणखान्यात आपण ऐकतो ते बहुतेक वेळ एक वॅटच्याही आत. एक वॅटचं शिखर ४ व्होल्ट, डायोडने ०.६ खाल्ले, उरले ३.४. म्हणजे काटा पट्टीच्या आठव्या हिश्शावर. शेजाऱ्यांच्या कृपेने तो त्यापुढे कधी जाणारच नाही.

म्हणून फुल स्केल १० वॅटवर लावा. १० वॅटला ८.९ व्होल्ट आरएमएस, शिखर १२.६. डायोडचे ०.६ वजा केले की १२. बाराला ५०० मायक्रोअँपने भागलं की २४ किलोओहम. वरचा १० किलो आणि अर्ध्याहून थोडा जास्त फिरवलेला प्रीसेट मिळून एवढं सहज होतं. आता एक वॅटला काटा पाव पट्टीच्या थोडा पुढे जातो, अडीच वॅटला जवळजवळ निम्म्यावर. हलताना दिसतो. कपॅसिटर आणि रेझिस्टर यांचा गुणाकार, १० मायक्रोफॅरड गुणिले २४ किलोओहम, ०.२४ सेकंद येतो. तबल्याच्या थापेबरोबर काटा वर जातो आणि डोळ्यांना दिसेल इतक्या सावकाश खाली येतो. कपॅसिटर दुप्पट केला तर काटा सुस्त, निम्मा केला तर चंचल. हे आपल्या आवडीने ठरवायचं. मला भावगीताला जरा सुस्त काटा बरा वाटतो.

एखाद्या दिवशी कुणी आवाज पूर्ण वाढवला तर? मीटरच्या टर्मिनलांना आडवे दोन १एन४१४८ एकमेकांच्या उलट दिशेने लावून ठेवा. मीटरवर ०.६ व्होल्टच्या आसपास चढले की जास्तीचा करंट डायोडमधून जातो. आपला मीटर ३२५ मिलिव्होल्टला पूर्ण जातो, त्यामुळे काटा दुप्पटीच्या आतच थांबतो. तुमच्या मीटरला फुल स्केलला शंभरच मिलिव्होल्ट लागत असतील तर मीटरच्या सिरीजमध्ये थोडा रेझिस्टन्स वाढवून एकूण तीनशे मिलिव्होल्ट करा आणि डायोड त्या दोघांच्या बाहेरून लावा.

कॅलिब्रेशनसाठी स्पीकर काढून ठेवा, कानांसाठी. ट्रान्झिस्टरचा किंवा आयसीचा अँप्लिफायर रिकामा चालतो. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मात्र लोडशिवाय कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मोबाइलवरून १०० ते ४०० हर्ट्झमधला एखादा टोन वाजवा. साधे मल्टिमीटर याहून वरच्या वारंवारतेला चुकीचं दाखवू लागतात. एसी व्होल्टवर ८.९ आलं की प्रीसेट फिरवून काटा शेवटच्या रेघेवर आणा.

आता या लेखातली सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट. आजचे स्वस्त क्लास-डी बोर्ड, उदाहरणार्थ टीपीए३११६चे, आणि टीडीए७२९७ सारख्या आयसीचे किट ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांचं स्पीकरचं मायनस टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे, दोन्ही टर्मिनलांवर जिवंत सिग्नल असतो. दोन चॅनेलचे मायनस एकत्र जोडले किंवा ग्राउंडला लावले तर बोर्ड गेलाच समजा. वरचं सर्किट अशा बोर्डाला चालतं, पण प्रत्येक चॅनेलचं वेगळं ठेवून, दोन्ही मीटरमध्ये एकही तार सामाईक न ठेवता. धातूच्या पॅनेललाही मीटरचा कुठलाही टर्मिनल टेकता कामा नये. टीडीए२०३० किंवा एलएम३८८६च्या नेहमीच्या जोडणीत स्पीकरचं मायनस ग्राउंडलाच असतं, तिथे ही भीती नाही.

प्रीअँप, मिक्सर, हेडफोन

लाइन लेव्हलचा, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात जाणारा, सिग्नल इतका छोटा असतो, की डायोडचे ०.६ व्होल्ट त्यातलं सगळंच गिळतात. इथे ऑप-अँप हवा. सर्किट जुनं आहे आणि मला फार आवडतं, कारण त्यात डायोडचा हा अडसर आपोआप नाहीसा होतो. चार १एन४१४८ चा ब्रिज करा. ब्रिजच्या प्लस-मायनसमध्ये मीटर. ब्रिजचं एक एसी टोक ऑप-अँपच्या आउटपुटला, दुसरं एसी टोक इन्व्हर्टिंग इनपुटला. इन्व्हर्टिंग इनपुटपासून ग्राउंडला एक रेझिस्टर. सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला, आणि तिथून १०० किलोओहम ग्राउंडला. इतकंच.

ऑप-अँप आपली दोन्ही इनपुट सारख्या व्होल्टेजवर ठेवण्यासाठी धडपडतो. त्यामुळे खालच्या रेझिस्टरवर इनपुटचा सिग्नल जसाच्या तसा उमटतो. त्या रेझिस्टरमधला करंट ब्रिजमधून, म्हणजे मीटरमधूनच यावा लागतो. डायोड किती व्होल्ट खातोय याची काळजी ऑप-अँप करतो, आपण नाही.

टीएल०७२ मध्ये दोन ऑप-अँप असतात, दोन चॅनेलचं काम एका आयसीत. पिन १ आउटपुट, २ इन्व्हर्टिंग, ३ नॉन-इन्व्हर्टिंग. दुसऱ्याचे तेच क्रमाने ७, ६, ५. पिन ८ ला प्लस, ४ ला मायनस. पुरवठा दोन बाजूंचा हवा, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या किंवा प्लस-मायनस १२. दोन्ही पुरवठा पिनांजवळ ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर विसरू नका.

रेझिस्टर किती? रेक्टिफाय केलेल्या साइन सिग्नलची सरासरी आरएमएसच्या ०.९ पट असते. घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल ०.३१६ व्होल्ट धरली, तर ०.२८४. काटा शून्य व्हीयूवर (व्हीयू म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप, त्याची पट्टी +३ ला संपते), म्हणजे पट्टीच्या ७१ टक्क्यांवर आणायचा, तर मीटरमधून ३५४ मायक्रोअँप जायला हवेत. भागाकार ८०० ओहम. ४७० ओहमचा रेझिस्टर आणि १ किलोओहमचा प्रीसेट सिरीजमध्ये लावा. स्टुडिओच्या उपकरणांसाठी ०.७७५ व्होल्टला शून्य हवं असेल तर जवळपास २ किलोओहम.

काटा फार उड्या मारत असेल, शेवटापलीकडे जाऊन परत येत असेल, तर मीटरच्या टर्मिनलांवर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. ६५० ओहमच्या मीटरला २२० मायक्रोफॅरड लावले की सुमारे ०.१४ सेकंदाचा संथपणा मिळतो. पोलॅरिटी बघून.

खरा व्हीयू मीटर कसा वागतो, हेही इथेच सांगून टाकतो. बेल लॅबोरेटरीज आणि अमेरिकेतल्या सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्यांनी मिळून तो १९३९ मध्ये ठरवला. सिग्नल अचानक आला तर ३०० मिलिसेकंदांत काटा ९९ टक्के जागी पोचला पाहिजे आणि जेमतेम एक-दीड टक्का पुढे जाऊन स्थिर झाला पाहिजे, असा त्याचा नियम. आपला आरपीएम मीटर तसा वागणार नाही. रेकॉर्डिंगची पातळी ठरवायची असेल तर खरा व्हीयू मीटर विकत घ्या, हा नाद सोडा. गाणं ऐकताना बघायला काटा हवा असेल तर कपॅसिटर बदलत बसा, एक संध्याकाळ मजेत जाईल.

पट्टी, दिवा, भोक

पट्टी बदलायची की नाही, यावर घरात वाद होऊ शकतो. बदलायची तर काचेची चौकट काढा, पट्टीचे दोन बारीक स्क्रू सोडा आणि पट्टी काट्याखालून अलगद, आडवी सरकवून बाहेर घ्या. स्क्रू चुंबकाकडे उडी मारतो, म्हणून पितळी किंवा चुंबक न लागलेला स्क्रू-ड्रायव्हर वापरा. जुनी पट्टी खरवडू नका. उलटी करा, मागची बाजू बहुधा कोरी असते. स्कॅन करून संगणकावर त्याच मापाची नवी पट्टी काढा, छापा आणि पातळ फेव्हिकॉलने चिकटवा.

व्हीयूच्या खुणा कुठे घालायच्या, याचा हिशेब सरळ आहे. +३ ही शेवटची रेघ धरली तर ० येतो ७१ टक्क्यांवर, -३ बरोबर निम्म्यावर, -५ ४० टक्क्यांवर, -७ ३२ वर, -१० २२ वर आणि -२० अगदी सुरुवातीला ७ टक्क्यांवर. काटा ९० अंश फिरत असेल तर ० ची खूण ६४ अंशांवर. हे ऑप-अँपच्या सर्किटला तंतोतंत लागू पडतं. स्पीकरवरच्या साध्या सर्किटमध्ये डायोडमुळे खालच्या खुणा थोड्या डावीकडे सरकतात.

दिव्यासाठी मागून एलईडी लावायच्या आधी पट्टी कशाची आहे ते बघा. अॅल्युमिनियमच्या पट्टीतून उजेड येत नाही, हे मी चार एलईडी लावल्यावर शिकलो. अशा मीटरला चौकटीच्या वरच्या आतल्या कडेला वॉर्म व्हाइट एलईडी लपवायचे आणि उजेड खाली पाडायचा. १२ व्होल्टवर एका एलईडीला २.२ किलोओहम पुरतो. जुन्या बल्बचा पिवळेपणा हवा तर एलईडी मंदच हवा. पांढऱ्याशुभ्र प्रकाशात मीटर दवाखान्यातल्यासारखा दिसतो.

९६ मिलिमीटरच्या चौकोनी मीटरला ९२ चा चौकोन कापावा लागतो, ७२ च्याला ६८ चा. कापण्याआधी तुमचा मीटर फूटपट्टीने मोजाच. अॅल्युमिनियमचा पॅनेल घ्या. कोपऱ्यांत भोकं पाडून जिगसॉ किंवा साध्या कानशीने काम होतं. लोखंडी पत्रा काही मीटरच्या चुंबकाचं क्षेत्र आपल्याकडे ओढतो आणि काटा कमी दाखवायला लागतो. तोच पत्रा वापरायचा असेल तर कॅलिब्रेशन मीटर बसवल्यानंतर करा. बॉक्समध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तर बॉडीला अर्थिंग हवंच, मीटरच्या नादात ते राहून जातं.

शेवटी काच पुसताना कोरडं फडकं घासू नका. प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि काटा हवेतच वर चिकटून राहतो. मीटर बिघडला म्हणून लोक पुन्हा उघडतात. भांडी घासायच्या साबणाचं पाणी बोटाला लावून काचेवरून फिरवा, वाळू द्या, काटा खाली येतो. मग पुढच्या बारीक स्क्रूने शून्य जुळवा.

माझ्या अँप्लिफायरवरचे दोन मीटर अजून मूळ पट्टीतच आहेत, ० ते १५०० आरपीएम. व्हीयूच्या पट्ट्या छापून ड्रॉवरमध्ये पडल्या आहेत. आता घरात आवाज कमी करायला सांगायचा असतो तेव्हा स्वयंपाकघरातून हाक येते, "सहाशेवर आण."